जड तासांचं वेळापत्रक

मलिंगार, ६ सप्टेंबर २०२०

प्रिय नंदामावशी,

इथूनच वाकून नमस्कार. टाइप केलेलं पत्र कोर्टाच्या नोटिशीसारखं वाटतं असं तू म्हणालीस, म्हणून हाताने लिहून त्याचा फोटो वसुधाबाईंच्या फोनवर पाठवतोय. अक्षराला नावं ठेवू नकोस. चार वर्षांत सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही.

मी बरा आहे. कारखाना चालू आहे, कारण हृदयात बसवायच्या नळ्या कोणाला घरी बसून बनवता येत नाहीत. बाकी सगळं सामसूम. घरात सोबत राहणारा किअरन मार्चमध्ये आईकडे स्लायगोला गेला तो तिथलाच झाला. आठवडाभर मी मास्कवाल्या माणसांशी खुणांनी बोलतो आणि शनिवार-रविवारी ऑनलाइन खेळतो. पत्राचं कारण तो खेळच आहे.

दोन संघ, चार-चार जणांचे. प्रत्येक संघाचं एक गलबत. एकाने सुकाणू धरायचं, एकाने शीड, दोघांनी तोफा, आणि सगळा वेळ एकमेकांशी बोलत राहायचं, नाहीतर बुडालोच. आमच्या संघात मी, किअरन, आणि डब्लिनजवळ सँट्रीत राहणारे गुंजन आणि इंद्रनील. जगभरचे असे बारा संघ मिळून आम्ही स्पर्धा घेतो. बक्षीस काही नाही. यंदा सामन्यांच्या वेळा ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण मीटिंगमध्ये सगळे नाही म्हणत होते तेव्हा मी गप्प होतो.

आजवर सगळे सामने शनिवारी आमच्या रात्री आठला व्हायचे. युरोपला सोयीचं, ब्राझीलला दुपार. पण मनिलात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. तिथल्या संघाची कॅप्टन रोवेना, तिने मेल केलाय: "तीन स्पर्धा आम्ही शेवटचे आलो. आम्ही कच्चे नाही, आम्ही झोपेत असतो. वेळा बदलल्या नाहीत तर या वेळी आम्ही नाही." मी मतदान घेतलं. सात विरुद्ध पाच, वेळ आहे तीच राहिली.

मनिला गेली तर वेलिंग्टन आणि क्वालालंपूरही जाणार आणि स्पर्धा बंद पडणार. हसशील मला, पण मावशी, हल्ली मला नावाने हाक मारणारी माणसं तेवढीच आहेत. तू शाळेत एकवीस वर्षं बेचाळीस शिक्षकांचं वेळापत्रक लावलंस. तुला काही सुचतं का? रोवेनाला महिनाअखेर उत्तर द्यायचंय.

तुझा,
निमिष

·

कराड, १५ सप्टेंबर २०२०

चि. निमिष,

आशीर्वाद आहेतच, पण अक्षर पाहून मागे घ्यावेत असं वाटलं. 'गलबत' आणि 'गडबड' यात फरक कळेना. वसुधाने फोटो मोठा करून दाखवला तेव्हा उलगडा झाला. ती आता माझ्या जागी पर्यवेक्षिका आहे. शाळा फोनवर भरते म्हणून वेळापत्रकाचं काय करायचं ते विचारायला येते आणि दारातच, लांब खुर्ची टाकून बसते. तेवढीच एक माणूस येते.

तुझा खेळ मला कळला नाही आणि कळायची गरजही नाही. बाईंना शिवणकाम येत नसलं तरी शिवणाचा तास लावता येतो. पण तू मतदान का घेतलंस? आमच्याकडेही सात जुने आणि पाच नवे असते आणि मी हात वर करायला सांगितले असते, तर नव्यांना जन्मभर शेवटची तासिका मिळाली असती. ज्यांचं ठीक चाललंय त्यांना बदल हवा का म्हणून विचारायचं नसतं, राजा.

मी काय करत होते ते सांगते. एक, कोणाला कोणता तास आवडतो हे कधीच विचारायचं नाही. आवडीला अंत नसतो. कोणता तास अजिबात देता येणार नाही, तेवढंच विचारायचं. प्रत्येकाला मोजक्या फुल्या द्यायच्या. उरलेल्यातले गैरसोयीचे तास, त्यांना मी जड तास म्हणायचे, ते सगळ्यांत फिरवायचे. सगळ्यांना एक-एक मिळाल्याशिवाय कोणालाही दुसरा द्यायचा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वेळापत्रक लावणाऱ्याने पहिला जड तास स्वतःकडे घ्यायचा. मग कोणाची तक्रार तोंडातून बाहेर येत नाही.

दुसरं असं की तू मला नुसती शहरं कळवलीस. मनिला काही झोपेत नसते, माणूस झोपेत असतो. सगळ्यांची नावं पाठव. कोणाच्या घरी तान्हं मूल आहे, कोण कितीला कामावर जातं, ते लिही. नाव माहीत नसताना मी आजवर कोणाचा तास लावलेला नाही.

जेवण वेळेवर करतोस ना?

मावशी

·

मलिंगार, ४ ऑक्टोबर २०२०

प्रिय मावशी,

या वेळी सावकाश लिहितोय. वाचता आलं तर शाबासकी दे.

तू सांगितलंस तसंच केलं. मतदान रद्द केलं आणि प्रत्येक संघाला सांगितलं, आठवडाअखेरच्या तासांवर सहा फुल्या मारा, कारण लिहायचं. मला वाटलं होतं भांडणं होतील. पण कारणं वाचून सगळे एकदम शांत झाले. रोवेनाची खानावळ आहे, दुपारी तीनपासून रात्रीपर्यंत ती आणि तिचा भाऊ तिथेच असतात. तीन स्पर्धा ती भांडी घासून, तासभर पडून, पहाटे तीनला उठून आमच्याशी खेळली, आणि आम्ही तिला हरवून खूश होत होतो. वेलिंग्टनचा एकजण परिचारक आहे. ब्राझीलच्या थियागोची जुळी मुलं दुपारी दोन तास झोपतात, त्याची फुली तेवढ्याच दोन तासांवर, कारण तेव्हा तोही झोपतो. आमच्या जुन्या सात संघांपैकी एकानेही मग वेळ बदलायला नाही म्हटलं नाही.

मनिला राहिली, मावशी! काल त्यांचा पहिला सामना त्यांच्या भरदुपारी झाला आणि ते जिंकले. रोवेना हेडफोनमध्ये इतक्या जोरात ओरडली की इंद्रनीलने कानातून तो काढूनच टाकला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. हे सगळं तुझं देणं आहे.

पहिले तीन आठवडे मी लावलेत. कारखान्यात जादा काम आलंय. उरलेले आठ आठवडे तू लावून देशील? सगळ्यांची नावं, कामं आणि फुल्या सोबत पाठवतोय. आमच्या संघाच्या फुल्या नाहीत, आम्हाला कुठेही टाक. आम्ही ग्रँड आहोत, म्हणजे इथल्या भाषेत, आमची काळजी करू नकोस.

निमिष

·

कराड, १७ ऑक्टोबर २०२०

चि. निमिष,

शाबासकी दिली. 'खानावळ' अगदी सुवाच्य आलंय.

तुझा कागद आला आणि मी माळ्यावरून माझा जुना बोर्ड काढायला लावला. वसुधाच्या नवऱ्याने, सतीशने, काढून दिला. टाचण्या गंजल्या होत्या, त्या नव्या आणल्या. बारा रंगांच्या चिठ्ठ्या कापल्या. मनिलाला पिवळा रंग दिला, तुम्हाला हिरवा. भिंतीवरच्या घड्याळाशेजारी दुसरं घड्याळ टांगून ते साडेचार तास मागे लावून ठेवलंय, म्हणजे मान वर केली की मलिंगारात किती वाजले ते कळतं. सहा दिवस दुपारची झोप सोडून लावत होते. निवृत्त झाल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. मीच तुझे आभार मानायला हवेत.

आठही आठवडे सोबत आहेत. भारताची वेळ धरून लावलंय, प्रत्येक संघापुढे त्याची स्थानिक वेळही लिहिली आहे. मनिलाशी तुमचा सामना रविवारी पंचवीसला. रोवेनाला खानावळीआधी खेळता यावं म्हणून तिच्या बाराला, तुमच्या पहाटे पाचला. जरा लवकर आहे, पण तुमची फुलीच नव्हती.

त्या दिवशी दसरा. मी या वर्षी बोर्डाचीच पूजा करणार आहे. फुलांची पंचाईत आहे, पण एक झेंडू मिळेल.

मावशी

·

मलिंगार, २६ ऑक्टोबर २०२०

प्रिय मावशी,

आधी सांगतो, काही बिघडलेलं नाही. ते वाचून मगच पुढचं वाच.

काल पहाटे पाचला आम्ही चौघं बसलो. समोर रोवेना, तिचा भाऊ आणि आणखी दोघं, चहाचे कप संपवून बसलेले. ती म्हणाली, "तुम्ही ठीक आहात ना? आम्ही एक तास वाट बघतोय." मला काही कळेना. मग किअरन स्लायगोहून ओरडला, "घड्याळं! काल रात्री घड्याळं मागे गेली!"

इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्या देशाची घड्याळं एक तास मागे करतात आणि मार्चमध्ये पुन्हा पुढे. तुझे साडेचार तास कालपासून साडेपाच झाले. म्हणजे रोवेनाच्या बाराला आमचे चार वाजायला हवे होते. मावशी, मी चार वर्षं इथे राहतोय. फोन आपोआप बदलतो आणि मी फोन बघून उठतो. तुला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी आहे, तुझी नाही.

नियमाप्रमाणे पंधरा मिनिटांनी सामना मनिलाला मिळायला हवा होता. रोवेनाने घेतला नाही. का, असं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही आमच्यासाठी अंधारात उठता. आम्ही उजेडात एक तास बसलो, त्यात काय?" मग आम्ही खेळलो आणि रीतसर हरलो. अडीचला ती खानावळीकडे पळाली, आणि मी सातच्या जादा शिफ्टला.

किअरन म्हणतो, युअर आंटी इज सम वुमन. हे इथलं मोठं कौतुक आहे. पुढच्या आठवड्यांच्या आमच्या वेळा मी एक तास मागे केल्यात. तू दुसरं घड्याळ तेवढं सरकव.

निमिष

·

कराड, ३ नोव्हेंबर २०२०

चि. निमिष,

घड्याळ सरकवलं. स्टुलावर चढून, स्वतः. रागावू नकोस.

एकवीस वर्षांत माझ्या वेळापत्रकात दोन शिक्षक एका वर्गात कधी आले नाहीत की एखादा वर्ग शिक्षकाविना बसला नाही. आणि दसऱ्याच्या दिवशी, बोर्डावर झेंडू खोचलेला असताना, मी चार माणसांना ताटकळत ठेवलं. सरकारच घड्याळ हलवतं ही कल्पना मला कोणी दिली असती तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. रोवेनाला माझा नमस्कार सांग. तिचे उपकार माझ्या लक्षात राहतील.

पण तुझ्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. "मी सातच्या जादा शिफ्टला." रविवारी? मी बोर्डापाशी गेले आणि जड तासांतल्या हिरव्या चिठ्ठ्या बघितल्या. बाकी सगळ्यांच्या दोन-दोन आहेत, तुमच्या पाच. दोन तू तुझ्या तीन आठवड्यांत घातल्यास आणि तीन माझ्याकडून घालून घेतल्यास, फुली न मारून. तुम्ही मोकळे आहात असं समजून मी लावत गेले. हे बरोबर केलं नाहीस.

आणि तुला मी बोलायचं तरी कोणत्या तोंडाने? पहिला जड तास स्वतःकडे घ्यायचा, हा नियम मी तुला शिकवला. पुढचं सांगितलं नाही. मी पहिला घेऊन थांबले नव्हते. शेवटची तासिका मी रोज घेतली. नंदाबाईंसारखं कोणी नाही, असं सगळे म्हणायचे आणि मला ते गोड लागायचं. आणि तू? संध्या गेली तेव्हा सहा वर्षांचा होतास. तुझे बाबा नोकरीपायी लांब. तुझी शाळा साडेबाराला सुटायची आणि साडेपाचच्या घंटेपर्यंत तू शिक्षकखोलीत चुरमुऱ्यांचा डबा घेऊन एकटा बसायचास. बेचाळीस जणांना न्याय देताना मी माझ्या बहिणीच्या लेकराला रोज पाच तास बसवून ठेवलं. हे कधीचं मनात होतं. समोरासमोर बोलता आलं नसतं, पत्रात लिहून टाकलं.

आता तुझ्या दोन हिरव्या चिठ्ठ्या मी काढून पोलंड आणि पुण्याच्या संघाला दिल्या आहेत. त्यांना तू विचारून घे. ते नाही म्हणणार नाहीत.

मावशी

·

मलिंगार, २० डिसेंबर २०२०

प्रिय मावशी,

पत्राला उशीर झाला. लिहिलं आणि फाडलं, तीनदा.

आधी बातमी. पोलंड आणि पुणे, दोघंही लगेच हो म्हणाले, उलट आधी का विचारलं नाहीस म्हणून पुण्याने मला झापलं. स्पर्धा संपली. वेलिंग्टन पहिले, मनिला दुसरी, आम्ही नववे. पुढच्या वर्षीही हेच वेळापत्रक ठेवायचं का, म्हणून हात वर करायला सांगितले. हो, मतदान घेतलं, पण या वेळी सगळ्यांनी एकेक जड तास काढल्यानंतर. बारापैकी अकरा हात वर. बाराव्याचा कॅमेरा बंद पडला होता, तो ओरडून हो म्हणाला. रोवेनाने तिच्या खानावळीच्या भिंतीवर तुझ्या बोर्डाचा फोटो लावलाय. लोक विचारतात तेव्हा ती सांगते, या बाईंमुळे मी झोपते.

आता दुसरं. मावशी, तू ते सगळं चुकीचं लक्षात ठेवलंस.

मी एकटा बसत नव्हतो. मी बोर्डासमोर बसायचो. खाली पडलेल्या टाचण्या गोळा करायचं काम माझं होतं, आठवतं? बेचाळीस नावं मी त्या चिठ्ठ्यांवरून वाचायला शिकलो. कोणाची आई आजारी आहे, कोणाची एसटी कितीला आहे, हे मला पाठ होतं, कारण तू चिठ्ठी टोचताना पुटपुटायचीस. आई गेल्यावर घरात मला जी शांतता सहन होत नव्हती, ती तिथे नव्हती. आणि साडेपाचची घंटा झाली की तू फक्त माझी असायचीस. घरापर्यंतचा तो अर्धा तास तू कोणालाही दिला नाहीस. हेडमास्तर हाक मारत आले तरी, "उद्या बोलू" म्हणून माझा हात धरून चालू पडायचीस. त्या अर्ध्या तासासाठी मी पाच तास काय, दहा तास बसलो असतो. तू मला बसवून ठेवलं नाहीस. तू मला वाढवलंस. हे आजवर कधी बोललो नाही, म्हणून आज लिहितो. तुझे खूप उपकार आहेत माझ्यावर, आणि ते मला जड नाहीत.

एक राहिलंच. बारा संघांच्या फुल्या तू विचारल्यास, माझी न मारलेली फुलीही शोधून काढलीस. तुला कोणी विचारलंच नाही. तुझा जड तास कोणता?

निमिष

·

कराड, २ जानेवारी २०२१

चि. निमिष,

अक्षर चांगलं आहे. पण मला नीट वाचता आलं नाही, त्याला अक्षराचा दोष नाही.

विचारलंसच म्हणून सांगते. साडेपाच. सकाळ निघून जाते, दुपारी वसुधा येते. साडेपाचला शाळेची घंटा आता वाजतच नाही, तरी मी उठून चपला शोधते. मग आठवतं की जायचं कुठेच नाही. तो अर्धा तास जरा जड जातो. बाकी मी ग्रँड आहे.

मावशी

·

मलिंगार, ८ जानेवारी २०२१

प्रिय मावशी,

तुझे साडेपाच म्हणजे इथले दुपारचे बारा. इथे पुन्हा सगळं कडक बंद झालंय, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. पण कारखान्यात जेवणाची सुट्टी आहेच, आणि ती बाराला असते. सोमवारपासून मी गाडीत बसून डबा खाईन आणि तू फोन उचलशील. अर्धा तास. बोर्डावर एक हिरवी चिठ्ठी टोचून ठेव. शेजारी तुझी, कोणत्याही रंगाची.

निमिष

·

कराड, ३० मार्च २०२१

चि. निमिष,

रोज बोलतो तरी हे पत्रात लिहिते आहे, कारण काल फोनवर मला बोलता आलं नाही आणि तुला वाटलं लाइन गेली.

परवा रविवारी तुमची घड्याळं पुढे गेली. या वेळी मला कोणी सांगावं लागलं नाही. जानेवारीतच कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. तुझी सुट्टी बाराला, म्हणजे आता माझ्याकडे साडेचार. शनिवारीच मी आपल्या दोन्ही चिठ्ठ्या काढून साडेचारच्या घरात टोचल्या. साडेपाचची जागा रिकामी दिसत होती, पण म्हटलं, पोराची नोकरी आहे. अडीच महिने मिळाले, हे काय थोडं झालं?

काल साडेचारला फोन घेऊन बसले. वाजला नाही. पावणेपाच झाले. काम निघालं असेल, असं मनाला सांगितलं. पाच वाजले तेव्हा फोन ठेवून दिला आणि चहा टाकला. आणि साडेपाचच्या ठोक्याला तुझा फोन. मी विचारलं, अरे, आता इथे साडेपाच, तुझा तर एक वाजला असेल. तू म्हणालास, "हो. सुपरवायझरला सांगून सुट्टी एकला करून घेतली. घड्याळ इथलं हललं, तुझं कशाला हलवायचं?"

चिठ्ठ्या पुन्हा साडेपाचला लावल्या आहेत. टाचण्या या वेळी जरा खोल टोचल्या.

तुझी मावशी